नाव मागाहून कळवू

लॅकवॉना,
९ डिसेंबर

टॅड पोरा,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून. बर्फ पडलंय आणि अजून पडणार आहे. झालं, हवापाण्याचं संपलं.

फोन तू उचलत नाहीस, आणि त्या मोबाइलच्या बटणांना माझी बोटं जाड पडतात, म्हणून पत्र. चुका काढत बसू नकोस. दहावीत शाळा सोडून पोलाद कारखान्याच्या कॅन्टीनला लागलेली बाई जसं लिहिते तसं लिहिते.

तुमच्या हेरॉन्सच्या ट्रेडचं, त्या खेळाडूंच्या अदलाबदलीचं, तुला आमच्या आधी कळलं असणार. आम्हाला रेडिओवर कळलं. गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये पिरोग्यांचा दिवस, लाटा, भरा, उकळा, त्यात नाताळच्या ऑर्डरी, मान वर करायला फुरसत नाही. पण स्टॅश ग्रुडझिन आला तोच ओरडत आला. कोटसुद्धा काढला नाही.

"कॅचर! शेवटी हेरॉन्सना कॅचर मिळाला! आणि दिलं काय? एक थकलेला राखीव पिचर आणि एक बिननावाचा पोरगा. फुकट मिळाला म्हणा!"

"बिननावाचा नाही," बर्निस म्हणाली. ती पिरोग्यांच्या कडा चिमटायला बसते आणि दिवसभर रेडिओवर बेसबॉलच्या बातम्या ऐकते, त्यामुळे तिला सगळं माहीत असतं. "नाव मागाहून कळवायचं, असा पोरगा. कॅचर ज्यांनी दिला त्या सॉल्ट लेकवाल्यांनी हेरॉन्सच्या खालच्या लीगमधली चार-पाच नावं बाजूला काढून ठेवलीत. हिवाळाभर बघतील, चौकशी करतील, मग त्यातला एक उचलतील."

लेरॉय टिब्ज झाकणाने पिठाचे गोल कापत होता. "म्हणजे लग्न ठरलं, नवरी मागाहून बघू," तो म्हणाला.

"हसू नकोस. आपली नवरी कोण ते सांग."

झालं, जुंपली. स्टॅशने लेरॉयने कापलेले गोल टेबलावर ओळीने मांडले. "हे आपले पाच पिचर, आळीपाळीने सामना सुरू करणारे. यांना हात लावणार नाहीत. हा सहावा, याला लावणार नाहीत कारण पाचातला एक मोडतोच. हा सातवा, हा डावखुरा आहे, डावखुरे कोणी सोडत नाही. आणि हा आठवा." शेवटचा गोल जरा फाटका होता. तो त्याने ढकलत टेबलाच्या टोकाला नेला. "हा आपला टॅड. हा गेला."

मी तो गोल उचलला, सारण भरलं आणि बर्निसच्या पुढ्यात टाकला. "कामाचं पीठ आहे, स्टॅश. खेळ घरी कर."

"अगं जेनिया, रागावू नकोस. त्याचं चांगलंच होईल," बर्निस म्हणाली. "गेल्या मोसमात सॉल्ट लेकच्या पाचातले तीन पिचर खांदा नाहीतर कोपर धरून बसले. मागे उभं राहायला माणूस नाही. ते त्याला खालच्या लीगमध्ये ठेवणारच नाहीत. सरळ वर."

सरळ वर. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच निवडणार आहे. सरळ वर म्हणजे तुला काय आहे ते मला माहीत आहे. तू नऊ वर्षांचा माझ्याकडे आलास तेव्हा तुझ्या पिशवीत दोन शर्ट होते आणि ग्लोव्ह होता.

तर मला सांग. तुला कोणी काही बोललंय का? बोलले नसतील तर तुला काय वाटतं? ज्याचं नाव मागाहून कळायचं असतं त्याला रात्री झोप लागते का? ती चार-पाच पोरं एकमेकांना ओळखतात का, की एकाच जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक जण मनात म्हणतो, मी असेन? हे मला खरंच कळत नाही. स्टॅशला विचारलं तर तो म्हणतो, पगार मिळतो ना.

आणि एक. थँक्सगिव्हिंगला तू बटाट्याचं भांडं डाव्या हाताने पुढे केलंस. जड भांडं, आणि तू उजवा. कोट काढलास तोही डाव्या बाजूने, उजवी बाही शेवटी आणि हळू. सहज विचारते. माझं लक्ष कुठेही जातं.

पार्सलने लोकरीचे मोजे पाठवलेत. तुझ्या तिकडे फ्लोरिडात लागत नाहीत हे मला कळतं. विणून झाले होते.

जेनिया आत्या


लॅकवॉना,
१६ जानेवारी

टॅड,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर मगर छान आहे. मागे एकच ओळ, "सगळं मस्त, हातही मस्त."

हाताचं मी विचारलं नव्हतं. भांड्याचं विचारलं होतं.

आता इकडची हकीगत. लांबण लावत नाही, पण नीट वाच, कारण ती तुझीच आहे.

गेल्या गुरुवारी हॉलमध्ये एक माणूस आला. साठीचा, लांब मान, चांगला कोट आणि रद्दी बूट. पिरोग्या हव्यात म्हणाला. कोबीच्या की बटाट्याच्या, तर म्हणतो, "ज्या तुम्ही केल्यात त्या." मला तेव्हाच शंका आली. गिऱ्हाईक असं बोलत नाही.

स्टॅशने लाटणं खाली ठेवलं. "मी तुम्हाला पाहिलंय. तुम्ही खालच्या लीगच्या सामन्यांना कॅचरच्या मागे बसता, हातात ते वेग मोजायचं यंत्र घेऊन. तुम्ही सॉल्ट लेकचे."

"प्रुइट," तो माणूस म्हणाला आणि टोपी काढली. "नुसता पिरोग्या घ्यायला आलोय."

"तुम्हाला असं घरच्यांना विचारत फिरायची परवानगी नसते," बर्निस म्हणाली.

"म्हणून तर पिरोग्या घेतोय, बाई."

लेरॉय हसला. मला तो माणूस वाईट वाटला नाही, हे आधीच सांगते. त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. त्याने तुझं सगळं विचारलं. मोठा होताना कसा होता? हरल्यावर काय करतो? पहिली तुकडी जिंकत असताना बाकावर बसून राहू शकतो का? मी म्हटलं, हरल्यावर भांडी घासतो, जोरात. एकदा दोन कप फुटले. ते त्याने वहीत लिहिलं नाही पण मान डोलावली, आणि त्याला ते आवडलं असं मला वाटलं. असं कोणी इतकं मन लावून तुझ्याबद्दल मला कधी विचारलं नव्हतं. तुझ्या शाळेनेसुद्धा नाही.

मग कॉफी संपवता संपवता तो म्हणाला, "आणि हात कसा आहे त्याचा?"

"हाताचं हाताला विचारा," मी म्हटलं.

बस. एवढंच बोलले. प्रुइटने कप ठेवला, पैसे दिले, आभार मानले आणि गेला.

दार लागलं आणि स्टॅश माझ्यावर उखडला. "जेनिया, 'ठीक आहे' म्हणायला काय झालं होतं तुला? दोन शब्द!"

बर्निसने चिमटलेली पिरोगी तशीच हातात धरली होती. "ठीक नाहीये," ती म्हणाली. "हो ना, जेनिया?"

मी काही बोलले नाही. आमच्यात न बोलणं म्हणजे पाटी लावल्यासारखंच आहे. तिघांना कळलं. आता ऐक त्यांचं, मी जसंच्या तसं लिहिते, कारण मी एकटी विचार करून डोकं फुटायची वेळ आली आहे.

स्टॅश आधी खूश झाला. खरंच, डोळे चमकले. "मग तर गप्पच बसायचं! नाव मागाहून कळवायचंय ना त्यांना? कळवू दे! घेऊ दे त्याला! आपल्याकडे चांगला कॅचर, आणि फुटकं मडकं त्यांच्या गळ्यात! असा सौदा हेरॉन्सने आजवर केला नाही!"

"मडक्याची आत्या इथेच बसलीये, स्टॅश," लेरॉय म्हणाला.

स्टॅशचं तोंड पडलं. कानांपर्यंत लाल झाला. पुन्हा लाटायला लागला, पीठ इतकं पातळ केलं की ते फेकून द्यावं लागलं.

बर्निस म्हणाली, त्यांचा डॉक्टर फोटो काढणारच. कोपरातली शीर गेली असेल तर फोटोत दिसणार. मग सौदा मोडणार, पोराचं नाव पेपरात येणार, ते पिचर म्हणून नाही तर लपवणारा म्हणून. मग कोण उभं करेल त्याला?

आणि स्टॅश, आता हळू आवाजात, म्हणाला, "आणि आज त्याने स्वतःहून सांगितलं तर? ऑपरेशन. वर्ष-दीड वर्ष घरी. पहिल्या नंबरच्या पिचरसाठी टीम थांबते, बर्निस. आठव्यासाठी कोण थांबतं? हातात कागद देतील आणि नमस्कार करतील. तिकडे गेला तर निदान एकदा तरी वर उभा राहील. मग कोपर जाऊ दे की काय व्हायचं ते होऊ दे."

लेरॉय, ज्याच्याकडे एरवी उत्तर असतं, तो पुन्हा गोल कापायला लागला.

मजा बघ. त्याच टेबलावर मी दर हिवाळ्यात अशीच भांडते. याला विका, त्याला ठेवा, अमक्याचं कोपर गेलंय, आत्ताच काढा. आणि गुरुवारी पहिल्यांदा मनात आलं, ही जी पोरं आम्ही विकतो त्यांच्या आत्या कुठे बसलेल्या असतात? त्यांनाही गुडघेदुखी असेल का? त्या रेडिओ बंद करतात की मोठा करतात?

तर आता सरळ विचारते. दुखतं ते फेकताना की फेकून झाल्यावर? करंगळी बधिर होते का, आणि तिच्या शेजारचं बोट? बर्निसने मुद्दाम विचारायला सांगितलंय. उन्हाळ्यापासून आहे का? तुझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या त्या दोघांना माहीत आहे का?

आम्ही चौघं कुठे बोलणार नाही. स्टॅशने त्याच्या आईच्या थडग्याची शपथ घेतली, लेरॉयने नुसती मान डोलावली, मला लेरॉयचा जास्त भरवसा आहे. सांगायचं की नाही ते तू ठरव. कोपर तुझं आहे.

हां, प्रुइट पिशवी टेबलावरच विसरून गेला होता. मी ती त्याच्या गाडीपाशी नेऊन दिली. मरणाची थंडी होती. असो.

बॉयलर दुरुस्त झाला.

आत्या


लॅकवॉना,
२० फेब्रुवारी

टॅड बाळा,

गेल्या रविवारी तू फोन केलास आणि शेवटी शेवटी मी नुसतं "बरं" म्हणाले, "जेवलास का" म्हणाले आणि मग म्हणाले की दारावर कोणीतरी आलंय. दारावर कोणी नव्हतं. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडाने देता येत नव्हतं. आता लिहून देते.

तू विचारलंस, "आत्या, तू खोटं बोललीस? तू?"

हो. बोलले.

त्या गुरुवारी मी पिशवी घेऊन प्रुइटच्या मागे पळाले, गुडघा घेऊन, बर्फातून, कोट न घालता. तो गाडीची काच खरवडत होता. मी पिशवी दिली. तो म्हणाला, "तुम्ही आत काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटतं की..." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "हात ठणठणीत आहे त्याचा. मी वाढवलंय त्याला. मला माहीत नसेल तर कुणाला?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बास, बाई. एवढंच हवं होतं मला." आणि गेला.

आत येऊन मी तुझ्या त्या तीन वेड्यांचं भांडण ऐकत बसले, जसं काही अजून काही ठरायचं होतं. आणि तुला लिहिलं की कोपर तुझं आहे, तूच ठरव. ठरवून तर मीच आले होते.

का, ते ऐक. तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. पण पूर्ण खरं ते नाही. आत बसून तो माणूस तुझ्याबद्दल विचारत होता ना, तेव्हा मला तू दिसलास. मोठ्या मैदानात मधे, त्या मातीच्या उंचवट्यावर, टोपी खाली ओढून, आणि वरच्या कट्ट्यावर मी, हातात हॉटडॉग, शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतेय, तो माझा आहे. एक दिवस. एकाच दिवसाची हाव होती, पोरा. त्या दिवसासाठी मी तुझं कोपर विकायला निघाले होते, आणि स्टॅशसारखं नुसतं बोलून नाही.

तुझ्या फोनवरून मला जे कळलं ते मी पुन्हा पुन्हा डोक्यात फिरवते. ते तुलाच घेणार होते. प्रुइटने तुला फोन करून सांगितलं, "तुझी आत्या रोखठोक बाई आहे, तिच्या शब्दावर मी वर कळवलंय." आणि हे ऐकून तू सरळ हेरॉन्सच्या डॉक्टरच्या खोलीत गेलास आणि म्हणालास, माझं कोपर बघा.

मी तुला विचारलं, मग आधी का नाही गेलास? तू म्हणालास, "आधी फक्त माझं खोटं होतं."

पोरा, मी हे वाक्य चर्चमध्ये, दुकानात, भांडी घासताना, कुठे कुठे ऐकतेय. तुझा बाप असता तर तो काय म्हणाला असता मला माहीत नाही. मी काही म्हणू शकले नाही, म्हणून दारावर माणूस आणला.

सोमवारी मी प्रुइटचा नंबर मिळवला. बर्निसने मिळवला, ती काहीही मिळवते. मी म्हटलं, मी तुमच्याशी खोटं बोलले, त्याला काही माहीत नव्हतं, त्याच्या नावावर हे लिहू नका. मग तो म्हणाला, "बाई, आमच्या धंद्यात आयांच्या शब्दाला कोणी विचारत नाही. आत्यांचं मी ऐकायचो. आता तेही बंद." आणि पुढे म्हणाला, "पोराने स्वतः सांगितलं, हे मी लिहिणार आहे. ते फार जण करत नाहीत." पिरोग्या कोबीच्या होत्या म्हणाला, त्याला बटाट्याच्या हव्या होत्या.

काल रेडिओवर नाव आलं. तो मैदानावर धावणारा हडकुळा पोरगा, व्हिटफील्ड. तुला माहीतच असेल, तू त्याच्याबरोबर जेवायचास. स्टॅश संतापला. "व्हिटफील्ड? तो दोन वर्षांत वर आला असता! मूर्ख आहेत आपले!" आणि मग बर्निस म्हणाली, स्टॅश, महिन्यापूर्वी तू त्याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतंस. पुन्हा सुरू. मी मात्र व्हिटफील्डच्या घरचा विचार करत होते. तिकडे कोण उठून नाचलं असेल? की कोणी रडलं, लांब जाणार म्हणून? तुला माहीत असेल तर लिही.

तुझ्याबद्दल ते काय बोलले तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी लपवते, आणि लपवणं आता या घरात बंद. बर्निस म्हणाली ऑपरेशन झालेले पिचर परत येतात, बरेच येतात. स्टॅश म्हणाला, जे येत नाहीत त्यांची नावं रेडिओवर सांगत नाहीत म्हणून तुला तसं वाटतं. लेरॉय म्हणाला, दोघंही बरोबर आहात, आता पीठ मळा. मला ते खरं वाटलं. हेरॉन्स तुला ठेवतील की कागद देतील, तुलाही माहीत नाही, मलाही नाही. कदाचित त्यांनाही नाही.

पण ऑपरेशन तीन मार्चला आहे हे मला माहीत आहे, कारण तुझ्या खोलीतल्या त्या उंच पोराने बर्निसला सांगितलं. तू मला "येऊ नकोस, लांब आहे" म्हणालास. लांब आहे ते मला नकाशात दिसतं. विमानात मी बसत नाही, म्हणून बसने येते. तिकीट काढलंय. एका हाताने शर्टाची बटणं लावता येत नाहीत, मांस कापता येत नाही, आणि तुझ्या खोलीतले ते दोघं ते करणार नाहीत, केलं तर तुला लाज वाटेल. माझी वाटायची गरज नाही.

आल्यावर तू माझ्यावर ओरडलास तरी चालेल. त्या गाडीपाशी मी जे बोलले त्याबद्दल तुला जे म्हणायचंय ते म्हण, पूर्ण म्हण. मी मधे बोलणार नाही. मला ते ऐकायचंच आहे.

आणि ऐकून झाल्यावर मला दाखव, कसं फेकतोस ते. हात न हलवता, नुसतं बोलून. बोटं चेंडूच्या शिवणीवर कशी धरायची, मनगट कधी वळवायचं. इतकी वर्षं मी नुसती ओरडत आले, "टाक, टॅड!" काय टाकतोस ते एकदाही विचारलं नाही.

कुठल्याही अदलाबदलीत न जाणारी,
तुझी जेनिया आत्या